सेक्टरमधली वाकडी गल्ली: खाडीकाठच्या एका वस्तीचा इतिहास शोधताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतल्या ऐरोली ते वाशी या खाडीकाठच्या पट्ट्यातलं आहे. गाव, वस्ती, माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, कारण वस्तीतल्या काही घरांचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. निवृत्तीनंतर जुने कागद लावून द्यायला कुणी बोलावलं की जातो, तसा मी यात आलो.

हा इतिहास जिने शोधला ती महापेला एका कंपनीत काम करते. माहेर सांगलीकडचं, लग्नानंतर इथल्या एका सेक्टरात राहायला आली. इतिहासाचं शिक्षण नाही, पण रात्री जेवण झाल्यावर पायी फिरायची सवय आणि फिरताना बघायची सवय, दोन्ही पक्क्या.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. शेतं आणि मिठागरं संपादनात गेली, गावठाणं जागेवर राहिली आणि नोड, म्हणजे सिडकोने आखलेली उपनगरं, त्यांच्याभोवती उभे राहिले. त्यामुळे इथे फिरताना एक अंदाज सहसा चुकत नाही: रस्ता सरळ असला तर तो सिडकोचा, वळणं घेत गेला तर गावाचा. तिला सापडलेली गल्ली मात्र गावठाणात नव्हती. गावठाण पलीकडे, मधे शाळा आणि उद्यान, आणि चौकोनी प्लॉटांच्या मधोमध ही गल्ली कोयत्याच्या पात्यासारखी वळत गेलेली.

आधी कितीदा तरी ती तिथून गेली होती. लक्ष गेलं ते जुलैतल्या एका संध्याकाळी. सेक्टरच्या रस्त्यांवर घोट्याच्या वर पाणी होतं आणि ही गल्ली कोरडी होती. दोन्ही टोकांना चढ आहे, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. एका घरामागे पाण्याच्या टाकीखाली काळ्या दगडांची रचाई उघडी पडली होती. मोबाइलच्या उजेडात तिने वाकून पाहिलं, तर दगडांच्या पाठीवर पांढरी, कडांना धार असलेली कालवांची कवचं घट्ट चिकटलेली. खाडी तिथून चांगली लांब. मधे धारण तलाव आणि त्यापलीकडे तिवरांचा पट्टा.

ती फोटो काढत होती तेवढ्यात ओट्यावरून एका आजींनी विचारलं, "सिडकोची हायेस का गो बाय?"

"नाही आजी, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहते."

"मंग दगडाचा फोटू कशाला?"

पुढे जे काही झालं ते सगळं याच प्रश्नातून निघालं.

शोधाची सुरुवात

तिने पहिल्यांदा गॅझेटियर उघडलं, ते योग्यच होतं. कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्याचा १३ वा खंड दोन भागांत आहे आणि १४ व्या खंडात स्थळांची माहिती आहे. सगळं १८८२ चं, आणि आंतरजालावर फुकट वाचता येतं. (पनवेल-उरणकडची गावं शोधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की १८८२ मध्ये तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, नंतर कुलाब्यात गेला. चुकीच्या जिल्ह्याचं पुस्तक चाळून "आमच्या गावाचा उल्लेखच नाही" म्हणणारे बरेच भेटतात.) तिथे मिठागरांविषयी आणि खाऱ्या जमिनीतल्या भातशेतीविषयी भरपूर मिळालं, पण या वस्तीचं नाव कुठेच नव्हतं. त्यात नवल नाही. पाच-सहा घरांच्या वाडीची दखल गॅझेटियर घेत नाही.

मग ती माझ्याकडे आली. वस्ती ज्या सर्व्हे नंबरांवर आहे ते गाव नकाशावरून काढले आणि शासनाच्या 'आपले अभिलेख' या सोयीतून जुने सातबारा आणि फेरफार पाहिले. या पट्ट्यात फेरफार वाचताना घाई करू नये. एका फेरफारात वारसांची नावं असतात, त्याच्या आधीच्यात खोताचं किंवा सावकाराचं, आणि त्यांच्या मधे कधी कधी एकच ओळ असते जी सगळं उलगडते. इथे ती मिळाली. जमिनीचा प्रकार खार, आणि हद्दीच्या वर्णनात "पश्चिमेस बांध".

म्हणजे गल्ली हा बांध होता. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा भराव, खाडीकडच्या अंगाला दगड. बांधात ठरावीक जागी उघाडी असायची. ओहोटीला ती उघडायची, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जायचं. भरती लागली की बंद. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत आलं तर त्या साली पीक गेलंच, पण मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळेही जायचे. म्हणून खांड बुजवायला अख्खा गाव रात्री-अपरात्री उतरायचा. ही व्यवस्था किती महत्त्वाची होती हे कायद्यांवरूनही कळतं. खारभूमीसाठी मुंबई राज्यात १९४८ साली वेगळा कायदा झाला आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये नवा केला. सिडकोने नोड वसवताना तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली: भरती अडवायला बांध, पावसाचं पाणी धरायला धारण तलाव आणि त्यांच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. पाण्याला उत्तर तेच द्यावं लागलं.

हे कागदावरचं. खरी समृद्ध माहिती ओट्यांवर मिळाली, आणि ती देणाऱ्या बायका होत्या. पुरुष संपादन, मोर्चे, साडेबारा टक्के (संपादित जमिनीच्या बदल्यात परत मिळणारी विकसित जमीन) यांवर बोलले. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धचं जानेवारी १९८४ मधलं जासईचं आंदोलन आणि त्यात गेलेले पाच शेतकरी यांच्याविषयी आजही डोळ्यांत पाणी आणून बोलणारे आहेत. बायकांनी मात्र बांध सांगितला. मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन कुठून चढायचं, कुठे पाय घसरायचा, तांबड्या राता भाताची पेज कशी लागायची. उघाडीवर नेमलेल्या माणसाला घड्याळ नव्हतं, त्याचा हिशेब एका आजींनी बोटांवर करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. इतिहास शोधणारीने लगेच मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून पडताळून पाहिलं; थोडा मागेपुढे, पण हिशेब जुळला. मला विचाराल तर तिने पुढे छापलेल्या पुस्तिकेतलं सर्वांत मोलाचं पान हेच आहे.

अडचण

सिडकोच्या आधी इथे नेमकं काय होतं, हे डोळ्यांनी पाहायची तिला ओढ लागली. त्याला एक मार्ग आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात 'कोरोना' नावाच्या हेरगिरी उपग्रहांनी जगभरच्या जमिनीचे फोटो फिल्मवर काढले. १९९५ मध्ये ते खुले झाले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर जागा निवडून ते शोधता येतात; आधी कुणी स्कॅन करून घेतलेलं चित्र फुकट उतरवता येतं, नसेल तर पैसे भरून मागवावं लागतं.

तिला १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं एक चित्र मिळालं. नोडचा मागमूस नाही. खाडीचे फाटे, मिठागरांचे चौकोन, आणि त्यांच्यामधून गेलेली एक वळणदार रेघ. आजच्या नकाशावर ती ठेवली तर गल्लीवर तंतोतंत बसते. मी आयुष्यभर नकाशे पाहिले, तरी त्या क्षणी अंगावर काटा आला.

पण त्या रेघेच्या उत्तर टोकाला काही ठिपके होते आणि दक्षिण टोकाला काहीच नव्हतं.

आज गल्लीच्या दोन्ही टोकांना घरं आहेत. गावठाणाबाहेर, संपादित जमिनीवर उभी राहिलेली ही घरं. अशांना इथे 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. गावठाण कधी वाढवून मिळालं नाही, कुटुंबं वाढली, माणसांनी जागा मिळेल तिथे घरं बांधली. ती नियमित करावीत ही प्रकल्पग्रस्तांची जुनी मागणी आहे आणि त्यावर वेळोवेळी शासन निर्णय निघाले आहेत. त्यांत घर कधीचं आणि गावठाणापासून किती लांब, यांवर बरंच अवलंबून असतं. अशा ठिकाणी साठेक वर्षांपूर्वीचा आकाशातून घेतलेला फोटो नुसता इतिहास राहत नाही.

चित्राची बातमी आठवड्यात पसरली. उत्तरेकडच्या मंडळींनी ते छापा म्हणून आग्रह धरला. त्यांच्यातले एक कार्यकर्ते तिच्या घरी आले आणि म्हणाले, "ताई, फक्त एक पत्र द्या, वस्ती साठ वर्षांपासून आहे म्हणून. खाली सही करा." दक्षिणेकडच्या घरांतून तिला कुणी काही बोललं नाही, पण जिथे चहा मिळायचा तिथली दारं लोटलेली दिसू लागली. सांगायला हवं की दक्षिणेकडची माणसं उपरी नाहीत. तीही याच गावची, याच बांधावर राबलेल्यांची मुलं-नातवंडं. घरं उशिरा झाली, एवढंच.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग गल्लीच्या वळणावरच उभा होता. तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे, वस्तीचं दैवत. गावातल्या तरुणांचं म्हणणं, हा गधेगाळ आहे, म्हणजे गाव शिलाहारांच्या काळातलं. गधेगाळ म्हणजे दानाची आज्ञा कोरलेला दगड. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचं चित्र. कोकणात असे दगड बरेच सापडले आहेत, त्यामुळे शंका अगदीच निराधार नव्हती. शेंदूर खरवडून खालचं पाहू, अशी त्यांची सूचना. तसं काही निघालं असतं तर वर्तमानपत्रात बातमी आली असती आणि घरांचा विषय आपोआप मागे पडला असता.

तिने खरवडू दिलं नाही. बायकांचा विरोध होता, आणि मलाही ते पटलं नव्हतं. शेंदराचे थर खरवडताना खालचा लेख जातो, हे पुरातत्त्वाचं काम करणारे पुन्हा पुन्हा सांगतात. शिवाय लेख मिळाला तरी तो वाचून तारीख लावणं हे वर्षांचं काम असतं. अलिबागजवळच्या आक्षीच्या प्रसिद्ध शिलालेखाच्या शकाबद्दल जाणकारांमध्ये अजून एकमत नाही, तिथे आपण एका संध्याकाळी काय ठरवणार?

दुसरा पर्याय, सगळं जसंच्या तसं छापायचं. चित्र तर जगाला खुलं आहे, उद्या दुसरा कुणी काढेल, मग लपवायचं कशाला, असा तिच्या नवऱ्याचा मुद्दा होता. त्यात तथ्य आहे. पण खुल्या संग्रहात पडलेलं चित्र आणि त्याच चित्रावर बाण काढून, आजची घरं दाखवून, गावात वाटलेली पुस्तिका यांत फार फरक आहे.

तिसरा, चित्र बाजूला ठेवून फक्त आठवणी छापायच्या. चौथा, इथेच थांबायचं. थांबायचा विचार तिच्या मनात बराच काळ होता.

निर्णय आणि कृती

मी तिला एकच प्रश्न विचारला: चित्र कुठल्या महिन्यातलं आहे? माहितीत तारीख होती, डिसेंबरची. मग ठिपक्यांकडे नव्याने पाहावं लागलं. कोरोनाच्या शेवटच्या, सर्वांत चांगल्या कॅमेऱ्यालाही जेमतेम सहा फुटांपर्यंतची वस्तू वेगळी दिसायची. पंधरा फुटांचं खोपटं त्यात दोन-तीन कणांचं दिसतं. आणि डिसेंबरात खाडीकाठी भात झोडून झालेलं असतं, बांधालगत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात. घर आणि उडवी त्या चित्रात वेगळी ओळखू येईलच असं नाही. उलट, दक्षिण टोकाला ठिपका नाही म्हणजे तिथे घर नव्हतंच, हेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. गवताने शाकारलेलं छप्पर वाळलेल्या शेतात मिसळून जातं.

पावसाळ्याच्या आधीचं, मे महिन्यातलं दुसरं चित्र मिळालं तर उडव्या नसतील, हे उघड होतं. तिने शोधलं. एक होतं, पण ढगाळ.

यावरून तिने ठरवलं की चित्र घरांविषयी काही सिद्ध करत नाही आणि तसा दावा आपण करायचा नाही. बांधाविषयी मात्र ते निःसंशय बोलतं. म्हणून पुस्तिका बांधाची करायची.

आणि छापायच्या आधी ते सगळ्यांना एकाच वेळी दाखवायचं. हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. समाजमंदिरात रविवारी दुपारी भिंतीवर चित्र मोठं करून दाखवलं. उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडची माणसं आली. तिने आधी उडव्यांचं सांगितलं, मग ठिपके दाखवले. गोंधळ झाला. एक तरुण उठून म्हणाला, "मॅडम, तुम्ही जाल निघून, आम्हाला इथेच राहायचंय." ती म्हणाली, "दादा, म्हणूनच आधी तुम्हाला दाखवतेय." मग मागून एक म्हातारबाबा पुढे आले, भिंतीजवळ गेले, रेघेवरून काठी फिरवत एका जागी थांबले आणि म्हणाले, ही उघाडी. त्यानंतर घरांवरून वाद कमी झाला आणि उघाडीच्या जागेवरून जास्त, कारण तिघांनी तीन जागा दाखवल्या. पावसाने उसंत दिल्यावर सगळे मिळून चालत गेले आणि दोन जागा खऱ्या निघाल्या. जुनी आणि ती निकामी झाल्यावर केलेली नवी.

पत्रावर सही करायला तिने नकार दिला. ज्यांना आपल्या घराचा पुरावा हवा होता त्यांच्याबरोबर मात्र बसून कागद लावून दिले, उत्तरेकडच्यांचे आणि दक्षिणेकडच्यांचेही. ग्रामपंचायत काळातला घरपट्टीचा नमुना ८, जुन्या मतदार याद्या, वीजबिलं, शाळेच्या जनरल रजिस्टरचे उतारे. महानगरपालिका १९९१-९२ मध्ये आली, त्याआधीचे ग्रामपंचायतीचे कागद कुठे कुठे मिळतील हे मला ठाऊक असल्याने तेवढं मी केलं. दक्षिण टोकाच्या एका घराचा नमुना ८ चा उतारा पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवलेला होता, आणि घरातल्या कुणालाच तो काय आहे ते माहीत नव्हतं.

पुस्तिकेतल्या नकाशात बांध, दोन उघाड्या, मिठागरं आणि विहीर आहे. घरं नाहीत. तिला ते न बोलता तसंच ठेवायचं होतं. माझं मत वेगळं पडलं. नकाशातून काही वगळलं तर ते नकाशावरच लिहावं, नाहीतर वाचणारा समजतो की तिथे काही नव्हतंच. बऱ्याच चर्चेनंतर नकाशाखाली ओळ आली: "या नकाशात घरं मुद्दाम दाखवलेली नाहीत."

निष्पत्ती

पुस्तिका छापून झाली, खर्च वस्तीतल्या आणि सेक्टरमधल्या लोकांनी मिळून केला. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना घेऊन बांधावरून फेरी काढली.

आणखी एक फायदा झाला, तो कुणीच धरला नव्हता. जुन्या उघाडीच्या जागी आज रस्त्याखाली मोरी आहे आणि दर पावसाळ्यात पाणी नेमकं तिथेच तुंबतं. पाणी पूर्वीच्याच वाटेने जायला पाहतं, हे नकाशाने दाखवल्यावर सेक्टरमधल्या सोसायट्या आणि वस्ती यांनी मिळून मोरी साफ करून मोठी करण्यासाठी अर्ज केला. दोन्हीकडच्या सह्या एकाच कागदावर येण्याची ही पहिलीच वेळ, असं त्यांनीच सांगितलं.

काही गोष्टी बिघडल्याही. पत्रासाठी आलेले कार्यकर्ते पुस्तिकेच्या कार्यक्रमाला आले नाहीत. ज्या आजींनी पहिल्यांदा हटकलं होतं, त्यांच्या मुलाने आईच्या आठवणी नाव न घालता छापायला लावल्या.

वेगळं काय करता आलं असतं

आठवणी ध्वनिमुद्रित करताना संमती घेतली गेली, पण नुसती तोंडी, आणि काय छापणार हे ठरण्याआधी. मजकूर तयार झाल्यावर तो वाचून दाखवून दुसऱ्यांदा संमती घ्यायला हवी होती. तसं झालं असतं तर आजींच्या मुलाची तक्रार छापखान्याच्या दारात येण्याऐवजी ओट्यावरच मिटली असती.

बायकांकडे ती उशिरा गेली. आधी भेटले ते बोलायला सरावलेले पुरुष, आणि त्यामुळे सुरुवातीचे महिने संपादनाच्या गोष्टींतच गेले. मिठागरात काम केलेल्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. त्यांना आधी गाठायला हवं होतं. आणि बसवून विचारण्यापेक्षा चालवून विचारायला हवं होतं. गल्लीतून चालताना एका बाईला जे आठवलं, ते खुर्चीवर बसून आठवलं नव्हतं.

चित्राची बातमी फुटली ती तिने ते एका घरी कौतुकाने मोबाइलवर दाखवल्यामुळे. नवी मुंबईच्या गावांत काम करणाऱ्याने जुना नकाशा, जुना फोटो, जुना उतारा हाती आला की आधी हे पाहावं: हे कुणाच्या घराच्या बाजूने जातं आणि कुणाच्या विरुद्ध? मग कुणाला दाखवायचं ते ठरवावं. ठाण्यात, चेंदणीसारख्या जुन्या कोळीवाड्यात काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण तिथेही हद्दीचे प्रश्न जिवंत आहेत.

दगडाबद्दल मात्र मी काहीही वेगळं केलं नसतं.

सध्या मोरीचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर आहे. दक्षिण टोकाच्या त्या घराचा नमुना ८ चा उतारा वकिलांकडे दिला आहे, प्रकरण चालू आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंनी पुस्तिकेचा आधार घेतलेला नाही. इतिहास शोधणारी ती आता मिठागरांच्या जुन्या परवान्यांच्या मागे लागली आहे, आणि मेमधलं ढग नसलेलं चित्र ती अजून शोधते आहे.